बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असलेल्या जवळच्या माणसाला साथ देताना

सकाळी ‘तुझ्याशिवाय मला कोणी नाही’ म्हणणारी व्यक्ती संध्याकाळी, केवळ एका निरोपाला उत्तर उशिरा आले म्हणून, ‘तू मला कधीच आपलं मानलं नाहीस’ असे म्हणते, आणि घरच्यांना यातले खरे कोणते हेच कळेनासे होते. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरमध्ये त्या त्या क्षणी दोन्ही वाक्ये मनापासूनची असतात. जोडीदार, आईवडील, भावंडे आणि मित्र यांनी रोजच्या व्यवहारात काय करावे, याची ओळीने मांडणी या लेखात केली आहे. बहुतेक घरांत सगळी शक्ती भांडणे आणि संकटे निस्तरण्यात संपते, आणि शांत दिवस उजाडले की थकलेली माणसे हळूच बाजूला होतात. माझ्या मते हा क्रम उलटा करणे हेच आप्तांचे मुख्य काम आहे: संकटात थोडे, स्थिर आणि आधी ठरवलेले वागावे; आपुलकी, वेळ आणि बोलणे यांचा मोठा वाटा शांत दिवसांसाठी राखून ठेवावा.

पहिली पायरी: आजाराचे स्वरूप समजून घ्या

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदानपुस्तिकेत या आजाराला १९८० मध्ये प्रथम स्वतंत्र स्थान मिळाले. सध्याच्या पाचव्या आवृत्तीत त्याची ९ लक्षणे दिली असून निदानासाठी त्यांपैकी किमान ५ आवश्यक असतात. आपल्याला सोडून दिले जाईल ही तीव्र भीती आणि ते टाळण्यासाठी केलेला आटापिटा, एखाद्याला डोक्यावर घेणे आणि लगेच त्याला पूर्ण वाईट ठरवणे, आपण नेमके कोण आहोत याविषयीची डळमळती जाणीव, पैसा, मद्य, वाहन चालवणे, खाणे अशा बाबतींत धोकादायक उतावळेपणा, आत्महत्येच्या धमक्या किंवा स्वतःला इजा करून घेणे, काही तासांत पालटणारी मनःस्थिती, सतत जाणवणारा रिकामेपणा, अनावर राग, आणि ताणाच्या वेळी येणारा तात्पुरता संशय किंवा स्वतःपासून तुटल्यासारखे वाटणे, ही ती लक्षणे होत. नवांपैकी कोणतीही पाच किंवा अधिक लक्षणे एकत्र येण्याचे २५६ प्रकार संभवतात. त्यामुळे निदान एकच असलेल्या दोन व्यक्ती अगदी वेगळ्या दिसू शकतात, आणि दुसऱ्याच्या घरातला अनुभव तुमच्या घराला जसाच्या तसा लागू पडेलच असे नाही.

अतिउत्साह आणि नैराश्य यांचे टप्पे आलटून पालटून येणाऱ्या बायपोलर डिसऑर्डरशी याची गल्लत वारंवार होते. बायपोलरमधील चढउतार सहसा दिवस किंवा आठवडे टिकतात; येथे मनःस्थिती काही तासांत बदलते आणि त्यामागे बहुधा नात्यातला एखादा प्रसंग असतो. दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात, म्हणून निदान तज्ज्ञावरच सोपवावे.

कारणांविषयी आईवडिलांच्या मनात मोठी अपराधी भावना असते. संशोधनातून दिसते ते असे की, जन्मजात अतिसंवेदनशील स्वभाव आणि त्या संवेदनशीलतेला समजून न घेणारी परिस्थिती यांचा परस्परांवर दीर्घकाळ परिणाम होत जातो. अनेक रुग्णांच्या बालपणी छळ, अत्याचार किंवा दुर्लक्ष झालेले असते, पण सर्वांच्या नाही. ज्या घरात काही गैर घडलेले नाही, त्या घराने आपल्यावर खोटा दोष ओढवून घेऊ नये. आणि ज्या घरात खरोखर काही घडले आहे, तेथे ते नाकारत राहण्याइतके हानिकारक दुसरे काही नाही.

हा आजार आयुष्यभर तसाच राहतो, हा समज मागे पडला आहे. अमेरिकेतील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झॅनरिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, एकेकाळी रुग्णालयात दाखल झालेल्या २९० रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा केला. १० वर्षांच्या काळात त्यांपैकी ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या पातळीखाली राहिली. मात्र लक्षणांबरोबर कामधंदा आणि नातीही चांगली सावरलेल्यांचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. लक्षणे शमतात त्या मानाने आयुष्याची घडी बसायला वेळ लागतो, हे आधीपासून माहीत असले तर मधल्या वर्षांत निराशा कमी येते.

दुसरी पायरी: उपचारांपर्यंत पोहोचवणे

‘तुला बॉर्डरलाइन आहे, डॉक्टरकडे जा’ हे वाक्य भांडणात उच्चारले, तर ते शिवीसारखे लागते आणि उपचारांचा विषयच काही महिने बंद होतो. हा विषय शांत दिवशी काढावा, आणि बोलताना वर्तनाऐवजी त्या व्यक्तीच्या वेदनेचा उल्लेख करावा: ‘गेल्या काही महिन्यांत तुला रात्र रात्र झोप नाही आणि मन इतकं दुखतं, ते मला दिसतं. यावर शिकवता येतील असे उपाय आहेत. पहिल्या भेटीला मी सोबत येऊ का?’ निदान कोणते हे मनोविकारतज्ज्ञ किंवा अनुभवी चिकित्सक मानसशास्त्रज्ञ ठरवतील.

या आजाराचा मुख्य उपचार मानसोपचार म्हणजे संवादातून होणारी थेरपी हा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लाइनहॅन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी, अर्थात डीबीटी, हिचा सर्वाधिक अभ्यास झाला असून तिची पहिली तुलनात्मक चाचणी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. लाइनहॅन यांनी २०११ मध्ये आपणही तरुणपणी अशाच त्रासातून गेलो होतो आणि रुग्णालयात होतो, हे जाहीरपणे सांगितले. डीबीटीत आठवड्याची वैयक्तिक भेट, कौशल्ये शिकवणारा गटवर्ग आणि अडचणीच्या वेळी फोनवरून मार्गदर्शन अशी रचना असते. सजग राहणे, त्रास सोसणे, भावना हाताळणे आणि नात्यात नीट बोलणे ही तिची चार कौशल्ये आहेत. बेटमन आणि फोनागी यांची मेंटलायझेशनवर, म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चालले असावे हे ओळखण्यावर, आधारित थेरपी आणि लहानपणापासून रुजलेले विचारांचे साचे बदलू पाहणारी स्कीमा थेरपी हेही परिणामकारक पर्याय आहेत. यांपैकी काही जवळपास उपलब्ध नसेल, तर या आजाराचा अनुभव असलेला, ठरलेल्या वेळा पाळणारा आणि संकटात काय करायचे हे रुग्णाबरोबर आधी ठरवणारा थेरपिस्ट शोधावा.

औषधांकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. केवळ या आजारासाठी मंजूर झालेले औषध अमेरिकेच्या औषध नियामकाकडेही नाही, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की या आजारासाठी म्हणून औषधे देऊ नयेत व संकटकाळी शामक औषध द्यायचे झाल्यास ते एका आठवड्यापेक्षा अधिक काळ देऊ नये. सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असल्यास त्यासाठी औषधे दिली जातात, आणि ती डॉक्टरांना न विचारता बंद करणे धोक्याचे असते.

गोपनीयतेच्या नियमामुळे थेरपिस्ट तुम्हाला सर्व काही सांगणार नाहीत, परंतु तुम्ही त्यांना माहिती देऊ शकता. मात्र हे त्या व्यक्तीच्या पाठीमागे करू नका. ‘मी तुझ्या थेरपिस्टना हे कळवणार आहे’ असे आधी सांगा. प्रौढ व्यक्तीने उपचार नाकारले, तर तातडीचा धोका नसताना तिच्यावर सक्ती करता येत नाही. तरीही पुढच्या पायऱ्या तुमच्या बाजूने सुरू करता येतात, कारण त्या तुमच्या वागण्याविषयी आहेत.

तिसरी पायरी: भावनेची दखल घेणे

शिकायला सर्वांत कठीण आणि सर्वाधिक उपयोगी गोष्ट ही आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. भावनेची दखल घेणे म्हणजे समोरच्याचे म्हणणे खरे मानणे नव्हे, आणि त्याच्या वागण्याला संमती देणे तर नव्हेच. त्याला जे वाटते आहे ते वाटण्यामागे काहीतरी कारण आहे, एवढे मान्य करणे म्हणजे दखल घेणे.

समजा आरोप असा आहे: ‘तू मुद्दाम माझा फोन उचलला नाहीस. तुला मी नकोच आहे.’ पहिला मोह स्वतःची बाजू मांडण्याचा होतो: ‘मी बैठकीत होते, किती वेळा सांगू?’ हे उत्तर खरे असूनही समोरच्याला एवढेच ऐकू येते की त्याचे दुःख चुकीचे आहे, आणि मग ते दुःख अधिक मोठ्या आवाजात सिद्ध करावे लागते. दुसरा मोह शरणागतीचा असतो: ‘चुकलं माझं, यापुढे मी प्रत्येक वेळी लगेच उचलीन.’ हे वचन पाळता येणार नाही, आणि ते मोडेल त्या दिवशी आजच्यापेक्षा मोठा घाव होईल. तिसरी वाट अशी: ‘फोन वाजत राहिला आणि मी उचलला नाही, तेव्हा तुला फार एकटं वाटलं असणार. आधी माणसं अशीच न सांगता दूर गेली आहेत, म्हणून ती भीती लगेच जागी होते. मी बैठकीत होते; तुला टाळत नव्हते.’ यात भावना आधी आली आणि वस्तुस्थिती नंतर आली, परंतु वस्तुस्थिती सोडून दिलेली नाही. दोन्हींच्या मध्ये ‘पण’ घालणे टाळावे, कारण तो शब्द आला की आधीचे सगळे पुसले जाते.

शब्द न सुचल्यास हातातले काम बाजूला ठेवून, चेहरा त्या व्यक्तीकडे करून ऐकणे हीदेखील दखलच असते. पाठ केलेली समजूतदार वाक्ये मात्र फारशी चालत नाहीत. या आजारात समोरच्याच्या स्वरातला बदल फार लवकर टिपला जातो आणि खोटेपणाची शंका आली की विश्वास कमी होतो. जे मनापासून मान्य करता येईल तेवढ्याचीच दखल घ्या. ‘तुला राग आला आहे हे मला कळतं’ म्हणता येत असेल आणि ‘तुझा राग योग्य आहे’ म्हणता येत नसेल, तर पहिलेच वाक्य म्हणा आणि दुसरे सोडून द्या.

चौथी पायरी: भडका उडालेला असताना

भावना शिगेला पोहोचलेली असते तेव्हा तर्क चालत नाही, आणि कोण बरोबर हे त्या घटकेला ठरवता येत नाही. आवाज खालच्या पट्टीत ठेवा, वाक्ये लहान ठेवा आणि एका वेळी एकच विषय बोला. शक्य असल्यास बसून बोला आणि दार अडवून उभे राहू नका. घरातील इतरांनी मध्ये पडून दुसरी आघाडी उघडू नये. मजकूर पाठवून भांडण चालवणे पूर्णपणे टाळावे, कारण स्वर नसलेले शब्द नेहमी सर्वांत वाईट अर्थाने वाचले जातात. ‘शांत हो’ आणि ‘हा तुझा आजार बोलतोय’ ही दोन वाक्ये आगीत तेल ओततात.

तुमचाच तोल जाऊ लागला, तर बाहेर पडणे योग्य आहे, फक्त परतण्याची वेळ सांगून बाहेर पडा: ‘मला वीस मिनिटं हवीत. साडेआठला मी परत येतो, मग आपण बोलू.’ आणि बरोबर साडेआठला परत या. न सांगता निघून जाणे हे सोडून जाण्यासारखेच भासते, तर सांगितलेल्या वेळी परत येण्याने भीतीला प्रत्यक्ष उत्तर मिळते.

थेरपीत शिकवली जाणारी काही शारीरिक कौशल्ये येथे कामी येतात. क्षणभर श्वास रोखून चेहऱ्याला थंड पाणी लावल्यास हृदयाची गती काही काळ मंदावते. मात्र हृदयाचा विकार, खाण्याचा विकार किंवा अशक्तपणा असल्यास हे डॉक्टरांना विचारूनच करावे. श्वास सोडताना तो घेण्यापेक्षा अधिक वेळ लावणे किंवा झपझप चालून येणे हेही उपयोगी पडते. यांतले काय सुचवलेले चालेल, हे त्या व्यक्तीनेच शांतपणे आधी ठरवलेले असावे.

पाचवी पायरी: स्वतःला इजा आणि आत्महत्येचे विचार

असह्य झालेली मानसिक वेदना काही काळ कमी व्हावी म्हणून अनेकजण स्वतःला इजा करून घेतात. त्या वेळी मरण्याची इच्छा असतेच असे नाही. तरीही याला नाटक किंवा लक्ष वेधण्याचा प्रकार समजू नका. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी अधिक असतो, आणि आधीच्या दहा धमक्या पोकळ ठरल्या म्हणून अकरावी तशीच असेल असे मानता येत नाही.

शंका आली तर स्पष्ट विचारा: ‘जीव द्यावा असे विचार येत आहेत का? काही ठरवलं आहेस का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही भीती अनाठायी आहे. विचारल्याने बोलण्याची वाट मोकळी होते. ‘हे कोणाला सांगणार नाही’ असे वचन मात्र कधीही देऊ नका.

सुरक्षा योजना थेरपिस्टच्या मदतीने कागदावर लिहून ठेवावी. अमेरिकेतील बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तयार केलेला तिचा नमुना अनेक ठिकाणी वापरला जातो. त्यात संकट जवळ येत असल्याच्या खुणा, स्वतःहून करण्याचे उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व ठिकाणे, मदत मागता येईल अशी जवळची माणसे, तज्ज्ञांचे व आपत्कालीन सेवेचे क्रमांक आणि घर सुरक्षित करण्याचे टप्पे असा क्रम असतो. शेवटच्या टप्प्यात आप्तांचा वाटा सर्वांत मोठा आहे. औषधांचा जास्तीचा साठा आणि इतर घातक वस्तू घरात सहज हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था केल्याने जीव वाचतात, कारण अनावर लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते.

मरणाचा ठाम बेत ठरलेला असेल, साधन हाताशी असेल, नशेची भर पडली असेल किंवा इजा घडलेली असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका आणि ताबडतोब आपत्कालीन सेवेशी किंवा जवळच्या रुग्णालयाशी संपर्क साधा. ‘तू गेलास तर मी जगणार नाही’ यासारख्या वाक्यालाही हाच नियम लावावा: जिवाच्या धोक्याला पूर्ण गांभीर्याने, मदत बोलावूनच उत्तर द्यावे, आणि ज्या निर्णयावरून वाद चालू होता तो त्या दडपणाखाली बदलू नये. किरकोळ इजेनंतर प्रथमोपचार शांतपणे करा, प्रवचन टाळा आणि थेरपिस्टना कळवा.

सहावी पायरी: मर्यादा आखणे

मर्यादा म्हणजे दुसऱ्याने काय करू नये याचा हुकूम असे अनेकांना वाटते, म्हणून त्या टिकत नाहीत. टिकणारी मर्यादा तुमच्या स्वतःच्या कृतीविषयी असते: ‘शिवीगाळ सुरू झाली की मी दुसऱ्या खोलीत जाईन आणि अर्ध्या तासाने परत येईन.’ ‘रात्री अकरानंतर जिवाचा धोका असेल तरच फोन घेईन, सकाळी आठला मी स्वतः फोन करीन.’ दोन्ही वाक्यांत नाते चालू राहील याची हमी आहे. ‘पुन्हा असं केलंस तर मी निघून जाईन’ ही धमकी असते; ती नेमक्या दुखऱ्या जागी बसते आणि बहुधा अमलातही येत नाही.

मर्यादा शांत दिवशी, कारणासह सांगा आणि सुरुवातीला एकच निवडा. ती लागू झाल्यावर विरोध आधी वाढतो. फोन कमी होण्याऐवजी काही दिवस अधिक येतात. याच टप्प्यावर बहुतेक घरे नमतात. विसाव्या फोनला उत्तर दिले, तर ‘वीस वेळा केल्यावर उत्तर मिळते’ एवढेच शिकले जाते आणि पुढची वेळ आणखी कठीण होते. त्यामुळे जी मर्यादा वाईट दिवशीही पाळता येणार नाही, ती आखूच नका. पैशाबाबतही हेच: मदत करायची ती ठरलेल्या रकमेत आणि ठरलेल्या दिवशी करा, रडारड झाल्यावर नको.

घरातील एक माणूस चांगला आणि दुसरा वाईट अशी विभागणी झाली, तर घरच्यांनी एकमेकांशी थेट बोलावे, निरोप्याचे काम करू नये आणि ‘चांगले’ ठरल्याचा आनंदही मानू नये, कारण त्या जागा पुढच्या आठवड्यात बदलू शकतात. मर्यादांबाबत सर्वांचे उत्तर एकच असले की त्या व्यक्तीलाही सुरक्षित वाटते.

सातवी पायरी: शांत दिवसांत काय करावे

ज्या घरात संकट आले की सगळे धावतात आणि सगळे ठीक असले की कोणी विचारत नाही, तेथे जवळीक मिळण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, आणि तो संकटाचा. हे जाणूनबुजून कोणी करत नाही. तरी तशी सवय जडते. म्हणून मनःस्थिती कशीही असो, ठरावीक वेळ एकत्र घालवण्याचे ठरवा, मग ते रोजचे संध्याकाळचे फिरणे असो किंवा आठवड्यातून एकदाची भेट असो. कालच्या भांडणाची शिक्षा म्हणून ती वेळ रद्द करू नका. त्या वेळेत आजाराविषयी बोलू नका. त्या व्यक्तीची आवड, तिचे काम, तिचे मत यांविषयी बोला, कारण रुग्ण ही तिची एकमेव ओळख होत चालली की रिकामेपणा आणखी वाढतो.

लहान प्रगती नेमक्या शब्दांत सांगा: ‘काल राग आल्यावर तू आधी बाहेर चालून आलास, ते मी पाहिलं.’ मात्र ‘आता तू अगदी बरा झालास’ अशी घोषणा करू नका. या आजाराचे अभ्यासक मनोविकारतज्ज्ञ जॉन गंडरसन यांच्यासह तयार झालेल्या कुटुंबासाठीच्या मार्गदर्शनात यावर विशेष भर आहे: बरे होण्याबरोबर आधार काढून घेतला जाईल ही भीतीही वाढते, आणि मोठ्या कौतुकानंतर अनेकदा घसरण होते. कामे आणि जबाबदाऱ्या हळूहळू परत सोपवा. जे त्या व्यक्तीला करता येते ते तिच्यासाठी करून टाकू नका. तुमचा प्रवास किंवा थेरपिस्टची सुट्टी यांची कल्पना काही दिवस आधी द्या, परतण्याची तारीख सांगा आणि त्या काळात कोणाशी बोलायचे हे मिळून ठरवा.

आठवी पायरी: तुम्ही स्वतः आणि घरातील मुले

वर्षानुवर्षे सावध राहिल्याने आप्तांनाही नैराश्य आणि निद्रानाश होतो. स्वतःची झोप, नोकरी आणि निदान एक बाहेरची मैत्री सोडू नका, आणि शक्य असल्यास स्वतःसाठी वेगळा समुपदेशक शोधा. ॲलन फ्रुझेट्टी आणि पेरी हॉफमन यांनी आप्तांसाठी बारा आठवड्यांचा फॅमिली कनेक्शन्स हा अभ्यासक्रम तयार केला असून तो अनेक देशांत अनुभवी आप्तच चालवतात. मारहाण होत असेल, तर आजार हे त्याचे कारण असले तरी तुम्ही तेथे राहावे असे त्यातून ठरत नाही. सुरक्षित जागी जा, मदत घ्या, आणि पुढचे बोलणे तज्ज्ञाच्या उपस्थितीतच करा.

मुलांपासून सगळे लपवले, तर ती घरातल्या प्रत्येक वादळाचे कारण स्वतःतच शोधतात. त्यांना वयानुसार साध्या शब्दांत सांगा: ‘आईच्या मनाला खूप लवकर आणि खूप जास्त दुखतं. ती त्यावर उपचार घेते आहे. हे तुझ्यामुळे झालेलं नाही आणि ते बरं करणं तुझं काम नाही.’ आरडाओरड सुरू झाली की त्यांनी कोणत्या खोलीत जायचे, कोणत्या नातेवाइकाला फोन करायचा, हे आधी दाखवून ठेवा आणि तो क्रमांक त्यांच्याकडून पाठ करून घ्या. निरोप पोहोचवणे, पहारा ठेवणे किंवा समजूत काढणे ही मोठ्यांची कामे मुलांवर पडत आहेत का, हे दर काही दिवसांनी त्यांना एकट्याने बसवून विचारा.